मोडू का?

७ जानेवारी

चिंगे,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण आज ते हातून उतरणार नाही.

आज सकाळी आमच्या डायलिसिस सेंटरच्या भिंतीवरच्या पडद्यावर ठळक अक्षरांत झळकलं: ‘रुग्ण: मशीन चार. यंत्र: मास्तर.’ मास्तर म्हणजे आमचे जुने पेशंट, निवृत्त शिक्षक. पडद्याखाली उभे राहून म्हणाले, “चला, नोकरीभर पोरं पाठीमागे मला यंत्र म्हणायची, आता लेखी मिळालं.” सगळा हॉल हसला. मोठ्या सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या प्रोग्रामलाच आधी मशीनवर घ्या.”

काय झालं ते तुला सांगायला नको, पण सांगते. कालपर्यंत आपल्या ‘सुतळी’ टूलला आधी माणूस सांगायचा आणि मग मशीन. नव्या आवृत्तीत आधी मशीन आणि मग माणूस. का? तर बदलांच्या यादीत तूच लिहिलंयस: ‘अक्कांच्या सूचनेवरून क्रम अधिक सहज केला.’ कुणाला सहज? मला तर दिवसभर एकेक ओळ शोधून उलटी करावी लागली.

सुतळी आपण दोघींनी जेवणाच्या टेबलावर केली. कुणाला, काय, केव्हा मिळणार याची पाळी लावून देणारं साधं टूल, ज्यावर कुणीही आपला प्रोग्राम उभा करावा. आई ताटं घेऊन उभी राहायची आणि आपण “पाचच मिनिटं” म्हणायचो. आणि आपला एक नियम होता. चालू असलेलं काही बदलायचं असेल, तर टेबलावर टिचकी मारून विचारायचं, “मोडू का?” समोरचीनं “मोड” म्हटलं तरच हात लावायचा. किती वेळा मी “थांब” म्हटलंय, आणि तू तोंड फुगवून थांबलीयस.

मग त्या कंपनीला सुतळी आवडली. बोलावणं एकीलाच आलं, आणि ती एक तू निघालीस. मी म्हटलं, “जा.” आणखी काय म्हणणार होते? त्यानंतर तू फोन आईला करतेस आणि आई फोन घेऊन आतल्या खोलीत जाते.

तक्रारींच्या पानावर मी लिहिलं होतं. तासाभरात उत्तर आलं, ते तुझ्या ऑफिसातल्या त्याच अक्कांचं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ आपल्या! ज्या टूलच्या पहिल्या शंभर ओळी मी लिहिल्या, त्याच्या दारात मला पाहुणीसारखं ‘आपण’ म्हणतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

म्हणून हे पत्र थेट तुला.

ताई

*

१९ फेब्रुवारी

चिंगे,

उत्तर दिलं नाहीस. अपेक्षाही नव्हती.

नवी आवृत्ती आली. या खेपेला ‘पाळी’चं नाव बदलून ‘जागा’ केलंत आणि जुनं नाव पुसून टाकलंत. दोन्ही काही दिवस चालू ठेवता आली असती ना गं? नवी सून आली म्हणून कुणी सासूला त्याच संध्याकाळी घराबाहेर काढत नाही. माझा अख्खा रविवार सेंटरच्या संगणकासमोर गेला. पेशंट नसले की त्या हॉलमध्ये औषधाच्या पाण्याचा वास जास्त येतो, आणि रिकाम्या खुर्च्या आपल्याकडेच बघतायत असं वाटतं.

संध्याकाळी घरी आले तर आईचा चेहरा फुललेला. मी विचारलं नाही. तिलाच राहवेना.

“चिंगी गाडी शिकतेय. अक्का शिकवतेय तिला.”

“बरं.”

“वळणावर घाबरते म्हणे अजून. पण अक्का शेजारी बसली की जमतं.”

“बरं म्हटलं ना.”

“मग तोंड का असं केलंयस?”

तोंड कसं केलं होतं ते मला काय माहीत. चिंगे, सायकल तुला मी शिकवली. मागून धरून पळत होते आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. गाडीही मीच शिकवायची, असं ठरलं होतं आपलं. आता कुठली कोण अक्का शेजारी बसते आणि तुला जमतं. माझ्या पोटात दुखतंय, हो, दुखतंय. लिहूनच टाकते, म्हणजे तुला शोधायला नको.

कशा दिसतात या अक्का? मी मनात एक बाई तयार केली आहे. चष्मा गळ्यात अडकवलेला, केस अर्धे पांढरे, बोलणं संथ, कधी चिडत नाहीत. तू चुकलीस तरी “असू दे गं” म्हणतात. मी तसं कधी म्हटलं नाही, हे मला आठवतं.

आणखी एक. आमच्या डॉक्टरांनी काल विचारलं, “दर वेळी ते नवं कशाला घ्यायचं? जुनंच चालत होतं ना?” मी म्हटलं, “सुरक्षेचा प्रश्न असतो सर.” त्यांनी मान डोलावली. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, की जुनी आवृत्ती बांधून ठेवायला एक ओळ पुरते. पण ते माझं मी बघेन.

ताई

*

२ एप्रिल

हे पत्र नीट वाच.

काल सकाळी मास्तरांना त्यांच्या मुलानं उचलून आणलं. श्वास लागलेला, पाय सुजून कातडी चकचकत होती, दोन शब्द सलग बोलता येत नव्हते. अंगात पाणी साठलं होतं. मोठ्या सिस्टरनी त्यांना लगेच मशीनवर घेतलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टर धावत आले. दुपारपर्यंत जिवावरचं टळलं. आता ते मोठ्या हॉस्पिटलमध्ये आहेत.

त्यांची पाळी सोमवारी होती. शुक्रवारनंतर शनिवार-रविवार ते कसेबसे काढतात, सोमवार चुकवून चालतच नाही. पण त्यांच्या फोनवर आमचाच निरोप गेला: मंगळवारी या. ते शिस्तीचे. मुलगा म्हणत होता, “बाबा, त्रास होतोय तर आजच जाऊ,” आणि ते म्हणत होते, “मंगळवार लिहिलंय. वर्गात कुणी आपल्या मर्जीनं येत नाही.”

त्यांनी दुपारऐवजी सकाळची वेळ मागितली होती, म्हणून शनिवारी मी त्यांची पाळी नव्यानं लावली. महिन्याच्या बाकी सगळ्यांच्या पाळ्या आधीच लावून झाल्या होत्या, त्या जागच्या जागी राहिल्या. ही एकच पाळी नव्या आवृत्तीतून गेली. आणि नव्या आवृत्तीत तुमचा आठवडा एकापासून नाही, शून्यापासून सुरू होतो! माझ्या प्रोग्रामनं ‘एक’ सांगितलं, म्हणजे सोमवार. तुझ्या सुतळीनं शून्य म्हणजे सोमवार धरून त्याचा मंगळवार केला. कुठेही लाल अक्षर नाही, चूक नाही, कुरकूर नाही. सोमवारी यादीत नाव दिसलं नाही तेव्हा सिस्टरना वाटलं, मी वार बदलला असेल.

एक वार, चिंगे. तुमच्या टेबलावर बसून वार सरकवायला काय लागतं? इथे त्याला माणूस टांगलेला असतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळी दरीत पडली की यादी दाखवायची, ‘कळवलं होतं.’

या वेळी उत्तर दे. तू दे, अक्कांना देऊ नकोस.

ताई

*

५ एप्रिल

उत्तर आलं. इतक्या काळानं माझी बहीण माझ्याशी बोलली, आणि काय बोलली:

‘ताई, मास्तर कसे आहेत? पण सुतळी अजून बीटा आहे. आवृत्ती एक येईपर्यंत काहीही बदलेल, पेशंटच्या कामाला वापरू नका, असं पहिल्याच पानावर लिहिलंय. तू दर वेळी नवी आवृत्ती त्याच दिवशी का घेतेस?’

मी फोन पलंगावर आपटला. आईनं बाहेरून विचारलं, “काय पडलं?” मी म्हटलं, “काही नाही.” तुझ्यावर ओरडायला शब्द जुळवत होते आणि शेवटचा प्रश्न सारखा मधे येत होता.

का घेते? ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवू? घेते, कारण तुझ्याकडून दुसरं काही येतच नाही. नवी आवृत्ती आली की तिच्याबरोबर तुझ्या हातची बदलांची यादी येते. लोक ती काय मोडलं ते पाहायला वाचतात. मी तू कशी आहेस ते पाहायला वाचते. वाक्यं तुटक असली की तू दमली आहेस. कंसात गंमत असली की मजेत आहेस. डिसेंबरातल्या यादीत तू एकच शब्द दोनदा चुकवला होतास, तेव्हा मी आईला मुद्दाम विचारलं, “चिंगीला बरं नाही का?” आणि तुला खरंच ताप होता. जुनी आवृत्ती बांधून ठेवली असती, तर काय वाचलं असतं मी?

आणि आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते. ‘आठवडा शून्यापासून’ हे तुमच्या यादीत होतं. ठळक होतं, वर इशाऱ्याची खूणही होती. पण त्याच्या वर तू लिहिलं होतंस: ‘ही आवृत्ती अक्का आणि मी टेकडीवर फिरताना सुचली.’ तिथेच माझे डोळे अडकले. ती टेकडी, ती वाट, तुम्ही दोघी, तुझं ते हातवारे करत बोलणं. मी यादीचं पान बंद केलं आणि रागानं आवृत्ती चढवली. खालचं वाचलंच नाही. तपासूनही पाहिलं नाही.

म्हणजे मास्तरांचा सोमवार तू सरकवलास, पण त्यांच्या फोनवर तो माझ्या जळफळाटानं पोचवला. हे मी डॉक्टरांनाही सांगितलं. टेकडीचं नाही, न वाचल्याचं. त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचा प्रामाणिकपणा ठीक आहे. पण महिनाअखेरीपर्यंत ते टूल आपल्या प्रोग्राममधून बाहेर काढा. नाही जमलं तर मी बाहेरून तयार सॉफ्टवेअर घेतो.”

जमेल. पाळ्या लावणं मला सुतळीशिवायही येतं, सुतळीच्या आधीपासून येतं. पण ती काढली, की तुझं काहीच माझ्याकडे उरत नाही. डॉक्टरांना हे कसं सांगू? तुला सांगतेय.

मास्तर बरे आहेत. काल पथ्यात नसलेलं शहाळ्याचं पाणी मागत होते, तिथल्या सिस्टरनी डोळे वटारले.

ताई

*

१६ एप्रिल

चिंगे,

आज दुपारी सेंटरच्या फोनवर कुणीतरी मला मागितलं. मी ‘हॅलो’ म्हटलं तर पलीकडून एक चिमणा आवाज.

“ताई का? मी अक्का बोलतेय.”

मला वाटलं, अक्कांची मुलगी असेल. म्हटलं, “आईला दे.”

“नाही हो, मीच अक्का. ऑफिसात सगळे अक्काच म्हणतात. मी सगळ्यांवर ओरडते म्हणून.”

तुझ्याहून लहान निघाली ती! कॉलेज संपवून थेट तुमच्याकडे आलेली. चष्मा नाही, पांढरे केस नाहीत, संथपणा तर मुळीच नाही, एका श्वासात पाच वाक्यं. माझी सगळी बाई एका मिनिटात पाण्यात गेली. घरी येऊन आईला जाब विचारला तर आई म्हणते, “अगं, पोरगीच आहे ती. तू कधी विचारलंस? नाव काढलं की तोंड फिरवत होतीस.”

तिनं फोन का केला ते तुला माहीत नसेल. तुला न सांगता केलाय, असं म्हणाली. मीही ‘सांगणार नाही’ म्हटलं होतं, पण बहिणीला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे.

म्हणाली, “मास्तरांबद्दलचं तुमचं पत्र आल्यापासून ती धड जेवत नाहीये. आठवडा शून्यापासून करायचा हट्ट तिचा होता, माझा नाही. टेबलावर टिचकी मारते आणि विचारते, मोडू का? मी थांब म्हणते. मग म्हणते, ताईनंसुद्धा थांबच म्हटलं असतं, आणि तरी मोडते.”

ती टिचकी आपली होती, चिंगे. ती तू तिकडे नेलीस, दुसऱ्या टेबलावर मारतेस, आणि समोर दुसरीच कुणी ‘थांब’ म्हणते. गेले कित्येक महिने मी चष्मेवाल्या बाईवर जळत होते, ते सगळं जळणं उचलून त्या टिचकीवर ठेवलं.

मी जरा तिखटच बोलले. “मग तुझं ऐकत नाही तर तू कशाला आहेस तिथे?”

तर ती म्हणते, “तेच मी रोज विचारते. खरं सांगू का ताई? राग येतो मला तुमचा. रात्रंदिवस शेजारी मी बसते, चहा मी आणते, तिच्या चुका मी निस्तरते. आणि जरा काही चांगलं केलं की ती म्हणते, हे ताईला आवडलं असतं. एकदा तरी माझ्यापाशी थांबावं ना तिनं!”

इतके दिवस मी तिच्या नावानं बोटं मोडत होते आणि तिकडे ती माझ्या नावानं. तुला खोटं वाटेल, पण ऐकताना मला गुदगुल्या झाल्या. तिचं दुःख ऐकून मला इतकं बरं वाटलं, की लाज वाटली. मग बसल्या बसल्या दुसरंच डोक्यात आलं, आणि ते काही बरं वाटण्यासारखं नव्हतं. माझी जागा त्या पोरीनं घेतलीच नव्हती. माझी जागा तू घेतलीस. तिच्यापुरती ताई तू झालीस. आता तू कुणाची तरी मोठी आहेस, आणि मी नुसती लांबची.

शेवटी ती कामाचं बोलली. आमच्या सेंटरपुरती जुनी पद्धत ती चालू ठेवेल म्हणे, कायमची, तू काहीही मोडलंस तरी. सुतळीची वेगळी प्रत काढून स्वतः सांभाळेल. “तुम्ही सुतळी सोडू नका ताई. तुमच्या तक्रारी आल्या की ती दिवसभर तुमच्याबद्दल बोलते. चिडते, पण बोलते.”

दोन दिवसांनी कळवते, असं सांगितलंय तिला.

ताई

*

३० एप्रिल

चिंगे,

काढली.

काल दुपारची पाळी संपल्यावर सुतळी आमच्या प्रोग्राममधून काढून टाकली. तिच्या जागी मी स्वतः लिहिलेली साधी पाळी बसवली आहे. फार हुशार नाही. आठवडा सोमवारपासून, सोमवार म्हणजे सोमवार, आणि पडद्यावर वार आकड्यात येतच नाही, पूर्ण अक्षरात येतो. या वेळी तपासल्याशिवाय चालू केली नाही. मोठ्या सिस्टर शेजारी बसून एकेक नाव वाचत होत्या आणि मी वार सांगत होते. शेवटी म्हणाल्या, “आता कुणी यंत्र झालं तर मी तुम्हालाच खुर्चीत बसवीन.” मास्तर आज आले होते, बारीक झालेत. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “चूक सापडली ना? मग पुढचं गणित घ्या.” मला तिथे रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि कुणीतरी टिश्यूचा अख्खा डबा पुढे केला.

अक्काला नाही म्हणून कळवलंय. तिनं मनापासून विचारलं होतं, म्हणून बऱ्या शब्दांत लिहिलं. पण खरं कारण तुला सांगते. तिनं सांभाळलेली सुतळी मी वापरली असती, तर माझ्याकडे आलं असतं ते तिचं आलं असतं. माझी सवत माझ्यासाठी स्वयंपाक करणार आणि मी ‘छान झालंय’ म्हणत जेवणार? एवढी मोठ्या मनाची मी नाही. आणि पेशंटच्या पाळ्यांवर तुझी खुशाली टांगून ठेवायची नाही, हेही मास्तरांनी शिकवलं, आयुष्यभर पुरेल इतकं.

आता तू सुतळीचं काहीही कर. आठवडा बुधवारपासून सुरू कर. नावं बदल, क्रम फिरव, सगळं उलटंपालटं कर, माझ्या इथे पानही हलणार नाही. म्हणजे तक्रार करायला मला यापुढे काही नाही. आज सकाळी पत्र लिहायला बसले तेव्हा पहिल्या ओळीला काय लिहावं तेच सुचेना. तुला लिहिताना माझ्या हातात नेहमी काहीतरी मोडलेलं असायचं.

मग नुसतंच लिहिते. मला तुझी फार आठवण येते. जेवणाचं टेबल आता कायम रिकामं असतं, ताटं वेळेवर मांडली जातात, आणि आईला ते आवडत नाही. तुला बोलावणं आलं तेव्हा मला तुझा हेवा वाटला, अजून वाटतो, तुझ्या नोकरीचा, तुझ्या टेकडीचा, तुझ्या शेजारी बसणाऱ्या त्या बोलघेवड्या पोरीचा. तो काही जाणार नाही. तो घेऊनच येते.

तिकीट काढलंय. सुट्टी मागितली, डॉक्टरांनी लगेच दिली, म्हणाले, “प्रोग्राम चालतोय तोवर जाऊन या.” शनिवारी सकाळी गाडी पोचते. सामान थोडंच आहे. तुझ्या घरी झोपायला जागा नसेल तर खाली झोपेन, पण हॉटेलात जाणार नाही. अक्काला भेटेन, तिच्या हातचा चहाही घेईन, पण दुसऱ्या दिवशी.

स्टेशनवर तू ये. काम आहे, मीटिंग आहे म्हणून तिला पाठवलंस, तर त्याच गाडीनं परत फिरेन, सांगून ठेवते.

ताई